सरकलेली भिंत

आमच्या घरात एक म्हण आहे. ती दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार नाही. कुणी परीक्षेत आपटलं, कुणाचं दूध उतू गेलं, कुणी स्कूटर फाटकावर नेऊन घातली, की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "भिंत सरकली वाटतं!" मग सगळे हसतात. गेली तीसेक वर्षं हसतायत. मीही हसत आलो, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत आलो. कारण भिंत सरकली नव्हती हे मला पक्कं माहीत होतं. काय सरकलं होतं, हेही फक्त मलाच माहीत होतं.

आता माझं वय असं आहे की दातांचा डॉक्टरसुद्धा नव्या कवळीचा विषय काढला की "कशाला उगाच" म्हणतो. तेव्हा हे लिहून टाकलेलं बरं.

आम्ही बंगळूरचे जुने मराठी लोक. किती पिढ्यांपूर्वी इथे आलो ते नक्की कुणालाच माहीत नाही. विचारलं की जो तो एखादी पिढी वाढवून सांगतो. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. बसवनगुडीत आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. वडिलांच्या मागे ते मी चालवलं. धाकटा भाऊ शिकला आणि बँकेत लागला. मला मूलबाळ नाही. भावाची एकुलती मुलगी, तीच आम्हा दोन्ही जोडप्यांची. ती मला 'दोड्डप्पा' म्हणते. कन्नडमध्ये थोरल्या काकाला तसं म्हणतात, आणि तो शब्द आमच्या मराठीत इतका मुरलाय की पुण्याचे पाहुणे आले की त्यांना अर्थ सांगावा लागतो.

गणवेश शिवणाऱ्याचे दोन नियम असतात. पहिला, सुती कापड धुतलं की आटतं, म्हणून मोजताना दर मीटरला चार बोटं सैल धरायची. दुसरा, मूल वाढतं, म्हणून शेवटी वीतभर दुमड आत ठेवायची. याला आमच्यात 'वाढत्या अंगाचं माप' म्हणतात. जूनमध्ये आमच्या दुकानातून बाहेर पडलेली मुलं थोरल्या भावाचे कपडे घातल्यासारखी दिसायची, आणि मार्चपर्यंत त्याच कपड्यांत नीट बसायची. आयांचा माझ्यावर फार विश्वास होता.

पुतणी पोहायला जायला लागली तेव्हा तिचा पहिला पोहण्याचा कॉस्च्यूम मीच शिवला. गडद निळा, पाठीवर पांढरी पट्टी. आणि अर्थातच वाढत्या अंगाचा. तिनं तलावात उडी मारली आणि तेलात पुरी फुगावी तसा तो फुगला. पोरगी एका जागी तरंगत राहिली, पुढे जाईना की खाली जाईना. तलावाचे कोच म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले, मिशा आणि आवाज दोन्ही राखून असलेले गृहस्थ. त्यांनी तिला बांबूनं काठाला ओढलं आणि मला म्हणाले, "साहेब, हा कॉस्च्यूम नाही, पॅराशूट आहे. वरून उडी मारायची असेल तेव्हा वापरू."

मग त्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, "तुम्ही असं करा, आम्हाला पताका शिवून द्या. पताका फुगल्या तर बिघडत नाही."

या पताकांबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. बॅकस्ट्रोकमध्ये माणूस पाठीवर पोहतो. त्याला आकाश दिसतं, पण डोक्यामागची भिंत दिसत नाही. म्हणून भिंतीच्या पाच मीटर अलीकडे, तलावाच्या या काठापासून त्या काठापर्यंत, उंचावर तिकोनी पताकांची दोरी बांधतात. डोळ्यांवरून पताका गेल्या की पोहणाऱ्यानं मारलेले हात मोजायचे आणि ठरलेल्या हाताला भिंत हाती लागते. मान वळवून बघायला लागलात तर वेग जातो. पताकांवर विश्वास ठेवायचा, बस.

मी लाल-पिवळ्या पताका शिवल्या. दोन्ही काठांना खांब रोवायचे ते कामही अंगावर घेतलं. कोच म्हणाले, "भिंतीपासून पाच मीटर." मी दुकानातली लोखंडी मीटरपट्टी नेली आणि काठावर पाच वेळा टाकली. पण तीस वर्षांची हाताची सवय. दर मीटरला अंगठा आपोआप चार बोटं पुढे सरकला. आणि शेवटी मनात आलं, पोरं डोकं पुढे करून सिमेंटच्या भिंतीवर येणार, थोडी जास्तच जागा असलेली बरी. गणवेशाला वीतभर देतो, हा तर एवढा मोठा तलाव, आणि त्यात डझनभर मुलं वाढतायत. म्हणून हातभर अंतर वाढवलं. सिमेंट धुतल्यावर आटत नाही, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

आमच्या तलावातली मुलं त्यावरच शिकली. पताका, मग पाच हात, मग भिंत. बरोबर यायचं. चुकीच्या मापाचं हेच तर आहे, त्यातच वाढलं की ते चूक वाटत नाही.

पुतणी खरी बटरफ्लायवाली. खांदे असे की तिचे ब्लाउज शिवताना पुढे मला नेहमी जास्तीचं कापड लागलं. दहावीच्या वर्षी कोचनी तिला मेडलीत घातलं. मेडली म्हणजे एकाच शर्यतीत चार प्रकार: आधी बटरफ्लाय, मग बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक, शेवटी फ्रीस्टाइल. माझी बायको म्हणाली, "म्हणजे एका ताटात सांबार, रसम, पोळी आणि शिरा. पोट बिघडायचं पोरीचं."

त्याच वर्षी, म्हणजे नव्वदच्या दशकात, महिलांची एक आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा बंगळुरात भरली. यजमान म्हणून आपल्या मुलींना काही जागा जास्त मिळाल्या. त्यातली एक मेडलीची जागा आमच्या पोरीला मिळाली.

घरात मात्र वेगळंच वारं होतं. माझा भाऊ म्हणजे हिशेबी माणूस. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "ही शेवटची स्पर्धा. दहावी आहे. तलाव, क्लोरीन, ओले केस, सगळं पुरे आता."

पोरीनं घास खाली ठेवला. "अप्पा, पहिल्या आठांत नंबर आला तर?"

"कुठल्या आठांत? आपल्या गल्लीतल्या?"

"या स्पर्धेतल्या. बाहेरच्या देशांतल्या मुली धरून."

भावानं थोडा विचार केला. बहुधा त्याला वाटलं, यात धोका काहीच नाही. म्हणाला, "आठवा जरी नंबर आला तरी हवं तितकं पोह. बारावीपर्यंत पोह, लग्नापर्यंत पोह, लग्नात पोह. पण नंबर आला नाही तर कॉस्च्यूम माळ्यावर. सरी?"

"सरी, कबूल," पोरगी म्हणाली, आणि आमटीचा हात तसाच पुढे करून तिनं बापाशी हात मिळवला.

स्पर्धेच्या तलावाचं काम अजून चालूच होतं. पताकांचे खांब बसवायच्या खाचा तयार नव्हत्या, म्हणून सिमेंट भरलेल्या रंगाच्या डब्यांत लोखंडी पाइप उभे केले होते. पताका पुन्हा माझ्याच. शहरात पताका शिवणारा दुसरा कुणी तज्ज्ञ नव्हता म्हणे. मला छातीवर लावायला बिल्ला मिळाला आणि दोऱ्या ताणून ठेवायची जबाबदारी मिळाली. पण जागा ठरवली एका परदेशी अधिकाऱ्यानं. उंच, पांढरी पँट, उन्हानं लाल झालेलं नाक. त्यानं पोलादी टेप काढली, मोजलं, डब्यांभोवती खडूनं गोल काढले. एक बोटसुद्धा सूट दिली नाही. मी मनात म्हटलं, काय कंजूष माणूस आहे.

सकाळी प्राथमिक फेरी झाली. बटरफ्लायमध्ये आमची पोरगी सुटली ती अशी की भाऊ उभाच राहिला. बॅकस्ट्रोकमध्ये ती परतीला लागली. माझ्या पताकांखालून गेली. आणि मग आवाज झाला, नारळ फोडताना होतो तसा. ती डोकं धरून वर आली, क्षणभर इकडेतिकडे बघितलं, आणि ब्रेस्टस्ट्रोक सुरू केला. कशीबशी शर्यत पुरी करून बाहेर आली. तरीही, बटरफ्लायची कमाई शिल्लक होती म्हणून, अंतिम फेरीतली आठवी आणि शेवटची जागा तिला मिळाली.

भाऊ बोटं मोजत बसला. मग एकदम म्हणाला, "अण्णा, अंतिम फेरीत आठच जणी ना?"

"आठच."

"म्हणजे ही नुसती टोकापर्यंत पोचली तरी आठवी?"

"आठवी."

"अय्यो! म्हणजे ही जिंकली की!" त्याला फसवल्यासारखं वाटत होतं, पण चेहरा असा फुलला होता की मला हसू आवरेना. "आता काही नको करू म्हणावं. सावकाश जा, सावकाश ये. बस."

खरंच, आता बिघडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पोहून पलीकडे जायचं, एवढंच. आणि तिथेही मी बिघडवलं.

पोरगी बाकावर बसली होती. बायको तिच्या टेंगळावर बर्फ धरून बोलत होती. "आंधळी आहेस का गं? एवढी मोठी भिंत!"

"दोड्डम्मा, पाच झालेच नव्हते," पोरगी म्हणाली. "चौथ्याच हाताला भिंत आली. दोड्डप्पा, तुम्हीच सांगा, मी कधी मोजायला चुकते का?"

मी पताकांकडे बघितलं. मग त्या खडूच्या गोलाकडे. आणि माझा अंगठा आपोआप चार बोटं सरकला. सगळं लख्ख कळलं. तिचं काही चुकलं नव्हतं. माझ्या मापानं तिला शिकवलं होतं, आणि ते माप जगात फक्त एका तलावात होतं.

सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं: "पोरी, आपल्या तलावात माझं माप चुकलंय, इथे एक हात कमी मोज." पण तिथे भाऊ होता, बायको होती, कोच होते. बायकोनं ते वाक्य मरेपर्यंत मला रोज जेवताना वाढलं असतं. आणि शिवाय मला दुसरं काही सुचलं होतं, जे जास्त सोपं वाटलं.

जेवणाची सुट्टी झाली. पुलाव आणि दहीभाताच्या रांगेत सगळं जग उभं होतं. तलावाकाठी मी एकटा, बिल्ला लावून. मी ओल्या टॉवेलानं खडूचा गोल पुसला. पाइप धरून सिमेंटचा डबा ढकलला, पाच वेळा चार बोटं आणि वर हातभर. मग खिशातून शिंप्याचा खडू काढला. तो माझ्या खिशात लग्नातसुद्धा होता. नवा गोल काढला. पलीकडच्या काठावर जाऊन तसंच केलं. आता पताका पोरीच्या सवयीच्या जागी आल्या. पुन्हा डोकं आपटणार नाही. माझी पोरगी पाच मोजेल आणि अलगद भिंतीला हात लावेल. मी समाधानानं दहीभात खायला गेलो.

मला जे माहीत नव्हतं ते असं. त्याच वेळी त्या पुलावाच्या रांगेत कोच पोरीला सांगत होते, "मोठ्या स्पर्धेत अंग जोरात जातं. इथलं पाणी फास्ट आहे. पाच नाही, चार मोज. चौथ्याला डोळे मिटून हात मागे टाक, भिंत आहेच." पाणी फास्ट असतं का, ते मला आजही माहीत नाही. पण हिशेब बरोबर होता. मी हात लावला नसता तर.

संध्याकाळी अंतिम फेरी. बटरफ्लाय झाली, बॅकस्ट्रोक परतीला लागला. आठही मुली पताकांखालून गेल्या, आणि मी असं काही पाहिलं की जे त्या तलावात त्याआधी आणि त्यानंतर कुणी पाहिलं नसेल. आठही जणींनी एकाच वेळी हात मागे टाकला आणि आठही हात पाण्यातच पडले. भिंतच नाही! सगळ्या जणी अंधारात स्विच शोधावा तसं मागे चाचपायला लागल्या. बाकीच्या सातजणी मुरलेल्या. त्या पाठीवरच राहिल्या, आणखी एक हात मारला आणि भिंत गाठली. आमच्या पोरीच्या डोक्यावर सकाळचं टेंगूळ होतं. तिला भीती वाटली असणार की आता भिंत येईल आणि पुन्हा ठोका बसेल. ती बघायला वळली. पोटावर.

मेडलीत बॅकस्ट्रोक संपवताना भिंतीला हात पाठीवर असतानाच लागला पाहिजे, असा नियम आहे. तिच्या रांगेच्या टोकाला बसलेल्या पंच बाईंनी हात वर केला.

ती पूर्ण पोहली. चांगली पोहली. सहावी आली होती. भाऊ उड्या मारत होता. मग फलकावर निकाल लागला आणि तिच्या नावापुढे नंबर नव्हता. बाद.

कोच कपाळावर हात मारत आले. "मी सांगितलं होतं ना, चार! बरोबर चार!" तेव्हा मला कळलं की आम्ही दोघांनी एकच भोक दोन बाजूंनी शिवलं होतं.

पोरगी त्या परदेशी अधिकाऱ्यासमोर उभी होती, ओले केस, हातवारे, अर्धं इंग्रजी अर्धं कन्नड. "सर, भिंत जागेवर नव्हती! सकाळी जवळ होती, आता लांब होती! भिंत सरकली!" तीन परदेशी कोचही तिच्यामागे मान हलवत उभे होते. अधिकारी म्हणाला, बक्षीस समारंभ होऊ दे, मग मोजू.

समारंभ सुरू झाला. जिंकलेल्या मुलीच्या देशाचं राष्ट्रगीत लागलं. सगळे सावधान उभे, सगळ्यांचे डोळे त्या झेंड्याकडे. माझ्या झेंड्यांकडे कुणीच बघत नव्हतं. मी हळूच एक डबा पुसट राहिलेल्या जुन्या खुणेवर परत ढकलला, मग दबकत पलीकडे जाऊन दुसरा, आणि खडूचे गोल जसे होते तसे काढले. राष्ट्रगीत चालू असताना हललो, याबद्दल त्या देशाचीही मी इथे माफी मागतो. गीत चांगलं लांब होतं, म्हणून जमलं.

मग अधिकाऱ्यानं पोलादी टेप लावली. पाच मीटर, अगदी काटेकोर. त्यानं पुन्हा लावली. मग टेपच उलटीसुलटी करून बघितली, आणि पोरीकडे वळून दोन्ही हात पसरले. कोच हसले. भाऊ हसला, जरासं ओशाळून. "भिंत सरकली म्हणे!" मीही हसलो.

घरी आल्यावर भाऊ पायरीवरच बसला. त्याला वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. पण बोललेला शब्द तो मोडायचा नाही. त्यानं फक्त एवढं विचारलं, "आठवा तरी?"

"सातच नंबर लागले, अप्पा," ती म्हणाली.

कॉस्च्यूम वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेला. घरात उंच मीच, म्हणून स्टुलावर चढून तो मीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी उधार आणलेली पोलादी टेप घेऊन आमच्या तलावावर गेलो आणि तिथल्या पताका खऱ्या पाच मीटरवर आणल्या. पुढचे काही दिवस तिथली सगळी पोरं भिंतीवर डोकी आपटत होती. कोच म्हणाले, साथ आलीय.

पुढचं सगळं बंगळुरात घडतं तसं घडलं. पोरगी इंजिनिअर झाली. लग्न झालं. बेळ्ळंदूरला उंच इमारतीत घर घेतलं, जिथून आमच्याकडे यायला पुण्याला जायला लागेल तेवढा वेळ लागतो. 'भिंत सरकली' ही म्हण तिच्या डोळ्यांसमोर जन्मली आणि मोठी झाली. पहिली काही वर्षं ती चिडायची. "सरकलीच होती!" म्हणायची. पुढे नुसतीच हसायची. मी प्रत्येक वेळी ठरवायचो, आता सांगू. पण म्हण इतकी छान चालली होती, आणि माझी गोष्ट इतकी वाईट होती.

मागच्या महिन्यात रविवारी आम्ही सगळे तिच्याकडे जेवायला गेलो होतो. तिची मुलगी शाळेच्या कुठल्याशा परीक्षेत गडगडली होती. माझ्या भावानं नेहमीप्रमाणे म्हटलं, "काय गं, भिंत सरकली वाटतं?" नातीनं आईला विचारलं, "अम्मा, पण भिंत खरंच सरकली होती का?"

पुतणी पोळीला तूप लावत होती. वर न बघता म्हणाली, "नाही गं. माझंच मोजायला चुकलं असेल."

एवढंच. इतक्या वर्षांत तिनं असं पहिल्यांदा म्हटलं. माझ्या हातातला घास ताटात पडला.

"चुकलं नव्हतं," मी म्हणालो.

"काय, दोड्डप्पा?"

"तुझं मोजायला चुकलं नव्हतं. पताका सरकल्या होत्या. मी सरकवल्या होत्या."

मग सांगितलं सगळं. चार बोटं, हातभर, सिमेंटचे डबे, ओला टॉवेल, राष्ट्रगीत. सांगताना मध्ये मध्ये मला स्वतःलाच हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. 

पहिली बोलली माझी बायको. "तरीच! त्या दिवशी विजारीला सगळा खडू लागला होता. विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाईक आलं होतं! तलावावर गिऱ्हाईक!"

 पुतणी तव्याखालचा गॅस बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मी मागे गेलो.

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

"सगळ्यांची. सगळ्यांत जास्त तुझी."

"मी रात्र रात्र जागून मोजायचे, दोड्डप्पा. एक, दोन, तीन, चार. म्हणायचे, मला एवढं साधं मोजता येत नाही?" तिनं बाल्कनीचा कठडा धरला. "आता स्वल्प थांबा. मला थोडा राग येऊ दे."

मी थांबलो. राग यायला तिला पुरेसा वेळ मिळाला. आत भाऊ बोटं मोजत बसला होता. मग तोही काठी टेकत बाल्कनीत आला.

"सहावी आली होतीस," तो म्हणाला. "मी बघितलं होतं. म्हणजे नंबर होता. म्हणजे मी परवानगी द्यायला हवी होती."

"अप्पा, जाऊ दे आता."

"जाऊ कसं दे? शब्द दिला होता." त्यानं घसा साफ केला, बँकेत साहेबासमोर बोलायचा तसा. "परवानगी आहे. हवं तितकं पोह. लग्नात राहिलं, पण बाकीचं पोह."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "अप्पा, मी पोहतेच. खालच्या तलावात. सकाळी कुणी नसताना."

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नात म्हणाली, "हो, पण अम्मा पाठीवर कधीच पोहत नाही. मी सांगते तरी नाही."

पुतणीनं तिच्याकडे बघून डोळे वटारले. मग माझ्याकडे वळली. "दोड्डप्पा, खिशात टेप आहे?"

माझ्या खिशात टेप नसेल असा दिवस अजून उजाडायचाय.

दुपारच्या उन्हात आम्ही सगळे खाली गेलो. बायकोनं पोळ्या झाकून ठेवल्या. त्यांच्या इमारतीतल्या तलावाला पताका नाहीत. पुतणी म्हणाली, "भिंतीपासून पाच मीटर मोजा आणि तिथे हात वर करून उभे राहा. तुम्हीच पताका."

मी वाकलो. गुडघे कुरकुरले. भिंतीपासून टेप टाकत निघालो. प्रत्येक वेळी अंगठा चार बोटं पुढे जाऊ बघत होता, प्रत्येक वेळी मी त्याला मागे खेचला. शेवटी हातही वाढवू बघत होता, त्यालाही दाबला. पाच मीटरला उभा राहिलो, भावाचा रुमाल हातात धरून, हात वर करून.

ती पलीकडून पाठीवर पोहत आली. खांदे तसेच होते. डोळे आभाळाकडे. माझ्या रुमालाखालून गेली, आणि मी ओठांत मोजायला लागलो. चौथ्याला तिनं डोळे मिटून हात मागे टाकला. हात भिंतीवर पडला.

तिनं तो तिथेच ठेवला. बराच वेळ.

"आहे," ती म्हणाली. "जागेवर आहे."

भाऊ काठावरून ओरडला, "वेळ किती लागला? मी घड्याळ बघायचं विसरलो!"

"मग पुन्हा पोहते," ती म्हणाली. "दोड्डप्पा, हात खाली नको. आणि पाय हलवायचे नाहीत."